विंचू, उतारा आणि पेशी : महाड-पोलादपूरच्या एका संशोधनाचा इतिहास

१

महाड आणि पोलादपूर हे तालुके मराठी वाचकाला भेटतात ते बहुधा इतिहासाच्या पुस्तकांतून. रायगड आणि १६७४ चा राज्याभिषेक, चवदार तळे आणि १९२७ चा सत्याग्रह, पोलादपूरच्या वाट्याला तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. ह्या दोन इतिहासांची साधने विपुल आहेत, त्यांच्यावरचे वादही विपुल आहेत आणि ते होत राहणे योग्यच आहे. परंतु ह्याच मुलखात विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत तिसरा एक इतिहास घडला. त्याची साधने बखरींत नाहीत आणि वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतही फारशी नाहीत. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदींत आणि लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांवर विखुरलेली आहेत. हा इतिहास आहे विंचवाच्या दंशाचा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना विंचवाविषयी काय सांगायचे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याइतका विंचू दुसऱ्या कोणाच्याच परिचयाचा नसतो. एकनाथांचे विंचवाचे भारूड त्याने शाळेत ऐकलेले असते, महाविद्यालयात अभ्यासलेले असते आणि परीक्षेत त्यातील रूपक उलगडून दाखवलेले असते. विंचू म्हणजे कामक्रोध, वेदना म्हणजे तमोगुणाचा पसारा, उतारा म्हणजे सत्त्वगुण. हे समीकरण इतके पक्के झाले आहे की रूपकाच्या खाली एक खरा विंचू होता, ह्याचा आपल्याला विसर पडतो. नाथांच्या श्रोत्यांना तो पडलेला नव्हता. ज्याच्या घरात पेंढ्याच्या भाऱ्यातून विंचू निघतो त्यालाच ते रूपक झोंबते. रूपक समजायला आधी डंख ठाऊक असावा लागतो.

२

कोकणातला जो विंचू माणूस मारतो तो दिसायला भयंकर नाही. काळा, थोराड, जाड नांग्यांचा विंचू पाहून माणसे घाबरतात. पण त्याचा डंख बहुधा वेदनेवर निभावतो. घातक ठरतो तो तांबडा विंचू, बोटाएवढा आणि बारीक नांग्यांचा. फॅब्रिशियस ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला टॅम्युलस हे नाव दिले. पुढे त्याचे कुल बदलत गेले : ब्युथस, मेसोब्युथस, आता हॉटेनटोटा. नाव कोणतेही असो, तो राहतो दगडी बांधांच्या फटींत, कौलांखाली, लाकूडफाट्यात आणि पेंढ्यात. त्यामुळे त्याची गाठ पडते ती पेंढा उपसणाऱ्या बाईशी, बांधावर हात टेकणाऱ्या गड्याशी आणि जमिनीवर झोपलेल्या पोराशी. ह्या विषाला बळी पडणाऱ्यांत मुले अधिक, कारण विष तेवढेच आणि देह लहान.

दंशावरचा पारंपरिक इलाज म्हणजे विंचू उतरवणे. विंचू उतरवणारा माणूस गावोगाव असे आणि त्याला यशही येत असे. ह्या यशाचा अर्थ नीट लावला पाहिजे. बहुसंख्य दंश मुळातच जीवघेणे नसतात. काही तासांत वेदना आपोआप उतरते. उतरवणाऱ्याने काहीही केले तरी बहुतेक वेळा तो खरा ठरणारच. जे थोडे दंश प्राणावर बेततात त्यांत तो खोटा ठरतो. पण तेव्हा दोष दैवाला लागतो. श्रद्धा टिकून राहते ती अशा हिशेबावर. म्हणून ह्या मुलखात प्रश्न अंधश्रद्धा घालवण्याचा जेवढा होता त्याहून अधिक प्रश्न हा होता की शंभर दंशांतले जे मोजके घातक आहेत ते सुरुवातीलाच ओळखायचे कसे, आणि ओळखले तरी त्यांचे करायचे काय. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडेही नव्हते.

१९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पी. एम. मुंडले ह्यांचा विंचूदंशानंतर होणाऱ्या फुफ्फुससूजेवरचा लेख प्रसिद्ध झाला. विंचू चावलेला माणूस विषाच्या वेदनेने मरत नाही, तर फुफ्फुसांत पाणी भरून, आतल्या आत बुडून मरतो, ही गोष्ट त्यामुळे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली. योगायोग असा की त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या जॅक मिलर ह्यांचे एक छोटे टिपण आले. नवजात उंदरांच्या छातीतली थायमस नावाची ग्रंथी काढली तर त्यांची प्रतिकारशक्ती लंगडी पडते, असे त्यांनी दाखवले. तोवर ही ग्रंथी निरुपयोगी समजली जात होती. तिथे तयार होणाऱ्या पेशींना पुढे थायमसच्या आद्याक्षरावरून टी पेशी म्हणू लागले. ही दोन टिपणे लिहिणाऱ्यांना एकमेकांची माहिती असण्याचे कारण नव्हते. त्या दोन प्रवाहांची भेट पुढे कुठे होते ते आपण पाहूच.

३

डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. हलाखीत वाढलेले, कष्ट करून नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ ह्या त्यांच्या आत्मकथनाची दखल आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही. दलित व ग्रामीण आत्मकथनांच्या चर्चेत ते क्वचितच येते आणि डॉक्टरांच्या आठवणींच्या खणात ठेवून दिले जाते. असो. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. तिथे त्यांच्यासमोर विंचवाचे रुग्ण येऊ लागले, आणि मरूही लागले. त्या काळी वेदना शमवणाऱ्या व गुंगी आणणाऱ्या औषधांची मिश्रणे दिली जात, अॅट्रोपिन दिले जाई, स्टिरॉइडे दिली जात. पाठ्यपुस्तकांत ह्या विषयाला काही ओळींपलीकडे जागा नव्हती.

तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने काय केले? तो रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी घेऊ लागला. किती वाजता दंश झाला, घाम कधी फुटला, उलटी कधी झाली, नाडीची गती काय, रक्तदाब किती, हातपाय कधी गार पडले. ह्या नोंदींतून जे निष्पन्न झाले ते १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. शीर्षकातच त्याचे सार होते : तांबड्या विंचवाच्या दंशानंतर हृदयावरचे संकट सुचवणारी पूर्वचिन्हे. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा आणि थंड पडणारे हातपाय, ही चिन्हे दिसली की समजावे, हा दंश साधा नव्हे. वरच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर इथे मिळाले. साहित्याच्या विद्यार्थ्याला ह्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. उपकरणे हाताशी नसताना केवळ चिन्हांचे बारकाईने वाचन करून अर्थापर्यंत पोहोचण्याची ही रीत आहे. फक्त इथे वाचन चुकले तर समोरचा माणूस जातो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी दंशाची यंत्रणा समजून घ्यावी लागली. तांबड्या विंचवाच्या विषातली प्रथिने मज्जातंतूंच्या आवरणातले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतात. परिणामी मज्जातंतू सारखे पेटलेले राहतात आणि शरीरातले अॅड्रिनलिनवर्गीय स्राव पुराच्या पाण्यासारखे रक्तात येतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध जोर लावून थकते, आणि मागे तुंबलेले रक्त फुफ्फुसांत पाणी सोडते. म्हणजे विष स्वतः जेवढे मारते त्याहून अधिक मारते ते शरीराने त्याला दिलेले उत्तर.

हे एकदा ध्यानात आले की उपचाराची दिशा ठरते : आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. करून परतलेल्या बावस्करांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देऊन पाहिले. ते गुणकारी होते, पण त्यावर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागते; ग्रामीण केंद्राला ते परवडणारे नव्हे. मग त्यांची दृष्टी प्रॅझोसिनकडे वळली. रक्तदाबासाठी वापरात असलेली ही स्वस्त गोळी ज्या ग्राहींवर अॅड्रिनलिनचा मारा होतो त्याच ग्राहींना झाकते आणि तोंडाने देता येते. डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्या त्यांच्या पत्नी आणि संशोधनातल्या सहकारी. दोघांच्या नावाने प्रॅझोसिनवरचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांतले सुमारे ३० टक्के दगावत. प्रॅझोसिननंतर हे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आल्याचे त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या अहवालांत नमूद आहे.

इतिहासकाराने इथे थोडे थांबले पाहिजे. हे आकडे रुग्णालयात पोहोचलेल्यांचे आहेत, गावात मेलेल्यांचे नव्हेत. शिवाय त्याच वर्षांत रस्ते झाले, एस.टी. आणि जीपगाड्या वाढल्या, रुग्ण लवकर येऊ लागले. सगळे श्रेय एका गोळीला देता येणार नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले के. राधा कृष्ण मूर्ती ह्यांनी तर इन्सुलिन व ग्लुकोज देण्याचा वेगळाच मार्ग मांडला होता आणि त्यामागे त्यांची स्वतःची प्रयोगशाळेतली मीमांसा होती. परंतु ह्या सर्व शंका जमेस धरूनही एक गोष्ट उरते : प्रॅझोसिनच्या मागची कारणमीमांसा आणि त्याचा रुग्णांवरचा परिणाम एकमेकांशी जुळतात, आणि हा उपचार पुढे भारतभर रूढ झाला. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

४

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. विषावर शरीर स्वतः उतारा तयार करीत नाही काय? करते, पण त्याला वेळ लागतो. परक्या प्रथिनाची ओळख पटायची, ती ओळख पटवून घेणाऱ्या मदतनीस टी पेशींनी बी पेशींना संमती द्यायची, बी पेशींनी प्रतिपिंडे घडवायची, ह्या व्यवहाराला पहिल्या खेपेस दिवसच्या दिवस जातात. विंचवाचे विष तासांत मारते. म्हणून उतारा उसना घ्यावा लागतो. बेहरिंग व कितासातो ह्यांनी १८९० मध्ये घटसर्प व धनुर्वात ह्यांवर ही उसनवारी शक्य करून दाखवली. चार्ल्स टॉड ह्यांनी १९०९ मध्ये इजिप्तच्या विंचवावर रक्तद्रव तयार केला. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या, त्याच्या टी आणि बी पेशींनी महिनोन्महिने जे घडवले ते त्याच्या रक्तातून काढून, शुद्ध करून, दंश झालेल्या माणसाला द्यायचे. तांबड्या विंचवाचे प्रतिविष अशाच रीतीने मुंबईत हाफकिनने तयार केले.

उसनवारीला व्याज असते. घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परकेच. त्यामुळे पुरळ, ताप, सांधेदुखी असा जो विकार होतो त्याचे वर्णन फॉन पिर्के आणि शिक ह्यांनी १९०५ मध्येच केले होते. प्रतिविषाबाबत डॉक्टरांचा हात आखडता असण्याचे हे एक कारण. शिवाय एकदा अॅड्रिनलिनचा पूर आला की नंतर विष निष्प्रभ करून काय साधणार, अशीही शंका होती.

ह्या शंकेचा निकाल महाडमध्येच लागला, आणि तो बावस्कर दांपत्यानेच लावला. त्यांनी गंभीर लक्षणांचे ७० रुग्ण चिठ्ठ्यांच्या न्यायाने दोन गटांत विभागले. ३५ जणांना नुसते प्रॅझोसिन, ३५ जणांना प्रॅझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. सरासरी बरे होण्याचा काळ पहिल्या गटात सुमारे १७.७ तास, दुसऱ्यात ८ तास. हा निबंध २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, ही ह्या चाचणीची मर्यादा होय. तरी आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे की ज्या औषधाने नाव मिळवून दिले ते एकटे पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतःच मोजून दाखवले. आपल्या सिद्धान्ताला आपणच अपुरे ठरवणारा समीक्षक मराठीत किती वेळा सापडतो, ह्याचा विचार वाचकांनी करावा.

५

ज्या १९८६ मध्ये प्रॅझोसिनचा निबंध आला त्याच वर्षी अमेरिकेत मॉसमन आणि कॉफमन ह्यांनी दाखवले की मदतनीस टी पेशी एकाच जातीच्या नसतात. त्या वेगवेगळे संदेश सोडतात आणि वेगवेगळी कामे करतात. पुढे हे वर्गीकरण वाढत गेले. काही टी पेशी दाह पेटवतात, काही तो विझवतात. विझवणाऱ्या पेशींच्या शोधासाठी साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल ह्यांना २०२५ चे नोबेल मिळाले. एकाच पेशीची दोन रूपेही दिसतात. रायगड जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, खारघरच्या अॅक्ट्रेक ह्या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत डॉ. शुभदा चिपळूणकर ह्यांनी गॅमा-डेल्टा नावाच्या विशेष टी पेशींचा दीर्घकाळ अभ्यास केला. ह्या पेशी कर्करोगाच्या पेशींना मारू शकतात. परंतु पित्ताशयाच्या कर्करोगात त्यांतीलच इंटरल्यूकिन-१७ सोडणाऱ्या पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात आणि अशा रुग्णांचे आयुर्मान कमी भरते, असे त्यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडले. राखणदार घरभेदी होतो तो असा.

आणि आता दोन प्रवाहांची भेट. टी पेशी जागी झाली की तिच्यात कॅल्शियमचा ओघ सुरू राहावा लागतो, आणि तो टिकण्यासाठी पोटॅशियमला बाहेर पडायला वाट लागते. ही वाट मानवी टी पेशींत असल्याचे डीकोर्सी, चँडी, गुप्ता आणि कॅहॅलन ह्यांनी १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, ह्यांतले जॉर्ज चँडी वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे ही वाट नेमकेपणाने बंद करून तिचे काम ओळखायला जी साधने उपयोगी पडली त्यांत विंचवाची विषे प्रमुख होती : पश्चिम आशियातल्या विंचवाचे कॅरिब्डोटॉक्सिन, मध्य अमेरिकेतल्या विंचवाचे मार्गाटॉक्सिन. २००३ मध्ये असे आढळले की मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांत मज्जेवर उठणाऱ्या टी पेशींवर ह्या वाटा फार मोठ्या संख्येने असतात. म्हणजे बाकीच्या प्रतिकारशक्तीला फारसा धक्का न लावता घरभेदी पेशींनाच थोपवता येईल, अशी आशा निर्माण झाली. त्या दिशेची औषधे अजून प्रायोगिक अवस्थेत आहेत.

आपल्या तांबड्या विंचवाच्या विषातूनही १९९० मध्ये ३७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन वेगळे काढले गेले. ते पोटॅशियमची दुसरी एक वाट बंद करते. ती वाट रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत व अन्यत्र असते, टी पेशींच्या वर सांगितलेल्या वाटेशी तिची गल्लत करू नये. जगभरच्या प्रयोगशाळांत हे प्रथिन आजही साधन म्हणून वापरतात. त्याचे नाव मात्र इबेरिओटॉक्सिन. विंचू हिंदुस्थानचा आणि नाव युरोपातल्या द्वीपकल्पाची आठवण देणारे. पेंढ्यातून तो विंचू बाहेर काढताना ज्यांनी डंख सोसले त्यांची कोणतीही खूण त्या नावात नाही.

६

हा इतिहास केवळ एका डॉक्टरच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितला जातो. तसा तो आहेही. पण तेवढ्यावर थांबले की त्याचा अर्थ निसटतो. इथे ज्ञान तयार झाले ते प्रश्न जिथे होता तिथे. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला विंचवाचा दंश हा विषय सहसा वाटत नाही, कारण तिथे तो क्वचितच कोणाला होतो. बिरवाडीला विषय शोधावा लागला नाही; तो खाटेवरून घरी न्यावा लागत होता. उपकरणांची उणीव नोंदींच्या शिस्तीने भरून काढता येते, हे पोलादपूर-महाडने दाखवले. दुसरीकडे टी पेशींचा इतिहास सांगतो की उंदराच्या ग्रंथीपासून निघालेली जिज्ञासा, कोणाचाही प्राण तात्काळ न वाचवता, चार दशकांनी रोग्याच्या दारी पोहोचू शकते. ह्या दोन रीतींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्या रीतीला आपण विज्ञान म्हणतो आणि पहिलीला सेवा म्हणून हार घालतो, ही आपली सवय तपासून पाहिली पाहिजे. सेवा म्हटले की निबंध वाचण्याची जबाबदारी टळते.

दोन्ही इतिहासांतून वर येणारी एक गोष्ट मात्र नाथांच्या श्रोत्यांना परकी वाटली नसती. दंशात माणूस मरतो तो शरीराच्याच अतिरेकी उत्तराने. मज्जेवर उठणारी टी पेशी ही शरीराचीच राखणदार असते. भारुडातला विंचूही बाहेरून आलेला नसतो. फरक एवढाच की भारूड उतारा प्रत्येकाच्या अंतःकरणात शोधायला सांगते, आणि महाडच्या मुलाला वेळेवर गोळी, प्रतिविष आणि ती देणारा जागा डॉक्टर लागतो. आपल्या वर्गांतून पहिला उतारा नेमाने शिकवला जातो. त्याच तासाला दुसऱ्याचीही गोष्ट सांगितली, तर भारुडाचे काही बिघडणार नाही.